कंपवात, दाह आणि प्रथिनांच्या खुणा

कंपवाताचे निदान आजही मुख्यतः डॉक्टरच्या डोळ्यांवर आणि हातांवर चालते. रुग्ण दारातून आत कसा येतो, चालताना एक हात अंगाला धरून ठेवल्यासारखा राहतो का, अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला सांगितल्यावर ती हालचाल हळूहळू लहान होत जाते का, डॉक्टर मनगट हलवू लागले की ते दातेरी चाकासारखे अडखळते का, एवढ्यावर निर्णय होतो. मधुमेहाला रक्तातली साखर आहे, काविळीला बिलिरुबिन आहे, थायरॉइडला टीएसएच आहे. कंपवाताला असा रोजच्या तपासणीतला आकडा नाही. तो शोधण्याचे काम गेली चार दशके चालू आहे. या शोधाचे दोन मोठे प्रवाह आहेत. एक शरीरातल्या दाहाच्या खुणांचा, दुसरा मेंदूत साचणाऱ्या आणि मेंदूतून झिरपणाऱ्या प्रथिनांचा. हे प्रवाह बराच काळ वेगवेगळे वाहिले आणि अलीकडे एकमेकांत मिसळू लागले आहेत.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन लिहिले ते अवघ्या सहा रुग्णांवरून, आणि त्यांतले काही तर त्यांनी रस्त्यातच पाहिलेले होते. आजाराला त्यांचे नाव पुढे फ्रान्सच्या शार्को यांनी दिले. १९१२ मध्ये फ्रिट्झ लेवी यांना रुग्णांच्या मेंदूतील पेशींत गोलसर गोळे आढळले. १९१९ मध्ये त्रेत्याकोव यांनी मध्यमेंदूतल्या सबस्टँशिया नायग्रा या काळसर पट्ट्याकडे बोट दाखवले. निरोगी मेंदूचा मध्यमेंदू आडवा कापला की दोन्ही बाजूंना काजळाची रेघ ओढावी तसा हा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. कंपवाताच्या रुग्णात तो फिकटलेला असतो. तिथल्या चेतापेशी डोपामिन बनवतात. १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकेविच यांनी रुग्णांच्या मेंदूत डोपामिनचा तुटवडा दाखवला आणि १९६७ मध्ये कोट्झियास यांनी लेव्होडोपाच्या वाढत्या मात्रांनी रुग्ण चालते केले. आयुर्वेदात कंपवातासाठी वापरात असलेल्या खाजकुइलीच्या बियांतही हाच लेव्होडोपा असतो, ही गोष्ट मराठी वाचकाला बहुधा ठाऊक असते.

लेव्होडोपा लक्षणे आवरतो, पेशींचा ऱ्हास थांबवत नाही. शिवाय हात थरथरू लागेपर्यंत या पट्ट्यातल्या पेशींचा मोठा वाटा संपलेला असतो. निरनिराळे अंदाज ३० टक्क्यांपासून ६० टक्क्यांपर्यंत जातात. त्याआधीची वर्षे वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणे अशा कुणाच्या फारशा ध्यानात न येणाऱ्या तक्रारींत जातात. ऱ्हास थांबवणारे औषध उद्या हाती आले, तरी ते कुणाला आणि केव्हा द्यायचे हे ठरवायला बायोमार्कर, म्हणजे मोजता येईल अशी जैविक खूण, लागणारच. अशा खुणेकडून चार वेगवेगळी कामे अपेक्षित असतात: आजार आहे की नाही हे सांगणे, त्याच्यासारखे दिसणारे दुसरे आजार वेगळे काढणे, तो किती वेगाने वाढेल याचा अंदाज देणे, आणि औषध लागू पडते आहे का हे दाखवणे. या क्षेत्रातले बरेचसे मतभेद एका कामासाठी पारखलेली खूण दुसऱ्या कामाला लावल्याने झालेले आहेत.

मायक्रोग्लियाची साक्ष

मेंदूला रोगप्रतिकारयंत्रणेपासून जवळजवळ अलिप्त अवयव मानण्याचा प्रघात होता. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर पक्का, त्यामुळे बाहेरची धुमश्चक्री आत पोचत नाही, असे समजले जाई. १९८८ मध्ये व्हँकुव्हरच्या पॅट्रिक आणि एडिथ मॅकगिअर यांच्या गटाने मृत रुग्णांच्या सबस्टँशिया नायग्राचे काप रंगवून पाहिले, तेव्हा तिथे उद्दीपित मायक्रोग्लिया मोठ्या संख्येने आढळल्या. मायक्रोग्लिया या मेंदूतच राहणाऱ्या पहारेकरी पेशी. शांत असताना त्या बारीक फांद्या पसरून आसपास चाचपत असतात. धोका जाणवला की फांद्या आखडतात, अंग जाड होते आणि पेशी मेलेल्या पेशींचे अवशेष गिळू लागते. त्याच वेळी ती सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने सोडते. १९९४ मध्ये जपानमधल्या मोगी यांच्या गटाला त्यांतले टीएनएफ-अल्फा हे प्रथिन रुग्णांच्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यातल्या द्रवात वाढलेले आढळले.

मेलेल्या पेशी उचलायला पहारेकरी जमणारच, त्यात नवल काय, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे. त्याला उत्तर म्हणून ज्या घटनेचा दाखला दिला जातो ती कॅलिफोर्नियातली आहे. १९८२ मध्ये तिथे काही तरुण व्यसनी रुग्णालयात आले ते अंग लाकडासारखे ताठलेल्या अवस्थेत. त्यांनी घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ होती आणि तिने त्यांच्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी थोड्याच दिवसांत मारल्या होत्या. विल्यम लँगस्टन यांनी हे कोडे उलगडले. त्याच गटाने १९९९ मध्ये अशा तीन रुग्णांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष छापले. विष शरीरात जाऊन ३ ते १६ वर्षे लोटली होती, तरी सबस्टँशिया नायग्रात मायक्रोग्लिया चेतलेल्याच होत्या आणि पेशी मरत असल्याच्या खुणा ताज्या होत्या. एकदा पेटलेला दाह मूळ कारण निघून गेल्यावरही स्वतःच्या बळावर चालू राहू शकतो, या मताला या तीन मेंदूंनी मोठा आधार दिला. पुरावा तीन माणसांचा आणि विषबाधेचा आहे, हे मात्र विसरून चालत नाही.

दाह मेंदूपुरता उरला नाही. २००९ मध्ये रुग्णांच्या मध्यमेंदूत टी-पेशी शिरलेल्या आढळल्या. २०१० मध्ये मोठ्या जनुकीय पाहणीत एचएलए विभागाशी कंपवाताचा संबंध निघाला. आपले आणि परके ओळखण्याचे काम याच विभागातली जनुके करतात. २०१७ मध्ये डेव्हिड सुल्झर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तातल्या टी-पेशी अल्फा-सिन्युक्लिन या स्वतःच्याच प्रथिनाच्या तुकड्यांवर चवताळतात असे दाखवले. २०२० च्या पुढच्या अभ्यासात हा प्रतिसाद निदानाच्या सुमारास जोरात आणि नंतर ओसरता आढळला. एका रुग्णाचे निदानापूर्वीचे रक्त योगायोगाने साठवलेले होते, त्यात तर तो आधीपासूनच होता.

जनुकांच्या बाजूने आलेला एक दुवा भारतीय वाचकाला विशेष वाटावा असा आहे. कंपवाताशी जोडलेली पार्किन आणि एलआरआरके २ ही दोन जनुके कुष्ठरोगाच्या संशोधनातही पुढे आली: पार्किन २००४ मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमधल्या रुग्णांवरून, एलआरआरके २ हे २००९ मध्ये चीनमधल्या. कुष्ठरोगात काही रुग्णांना चेतातंतूंचा अचानक तीव्र दाह होतो. त्या दाहाचा धोका ठरवणारे काही जनुकीय बदल हेच कंपवाताचा धोकाही ठरवतात, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सुचवले. एलआरआरके २ चे काही प्रकार क्रोन्सच्या आतड्याच्या आजाराशीही निगडित आहेत. कंपवाताची म्हणून ओळखली गेलेली जनुके प्रतिकारपेशींतही कामाला असतात, हे आता कुणी नाकारत नाही.

कारण की परिणाम

या पुराव्याचा अर्थ लावताना संशोधकांत ढोबळमानाने तीन भूमिका दिसतात. पहिल्या भूमिकेनुसार दाह हे आजाराच्या कारणांपैकी एक आहे: आतड्यात किंवा नाकात संसर्गाने वा अन्य कारणाने दाह होतो, अल्फा-सिन्युक्लिन तिथेच प्रथम विकृत होते आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकते. हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडलेला, मेंदूच्या खालच्या टोकाकडून वर चढत जाणाऱ्या टप्प्यांचा नकाशा या भूमिकेला जवळचा आहे. दुसरी भूमिका सांगते की मूळ दोष पेशीच्या आतला, म्हणजे प्रथिनांची विल्हेवाट आणि ऊर्जेचे कारखाने बिघडण्याचा आहे, आणि दाह ही त्यामागून येणारी साफसफाई आहे. तिसरी भूमिका दोहोंना जागा देते. विकृत अल्फा-सिन्युक्लिन मायक्रोग्लियांना चेतवते, चेतलेल्या मायक्रोग्लिया पेशीवरचा ताण वाढवतात, त्या ताणाने आणखी प्रथिन विकृत होते. सुरुवात कुठूनही झाली तरी पुढे हे रहाटगाडगे चालूच राहते. आज बहुतेकांचा कल या तिसऱ्या भूमिकेकडे आहे. ती सर्वसमावेशक आहे खरी, पण त्यामुळेच ती खोटी ठरवणे अवघड आहे, ही तिची उणीवही मान्य करावी लागते.

लोकसंख्येच्या पाहण्यांनी पहिल्या भूमिकेला बळ दिले. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य-व्यावसायिकांच्या दीर्घकालीन पाहण्यांत आयबुप्रोफेन नियमित घेणाऱ्यांना कंपवात कमी होताना आढळला. ॲस्पिरिन किंवा पॅरासिटामॉलने तसा फरक दिसला नाही. २०१८ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत आतड्याचा दीर्घकालीन दाह असलेल्यांत कंपवाताचे प्रमाण २८ टक्के अधिक निघाले. त्यांच्यातल्याच टीएनएफ-विरोधी औषधे मिळालेल्यांत ते औषध न मिळालेल्यांपेक्षा ७८ टक्के कमी होते. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण ही औषधे घेणाऱ्यांत कंपवात झालेले मुळात मोजकेच होते. शिवाय ही औषधे रक्त-मेंदू अडसर सहसा ओलांडत नाहीत. फायदा खरा असेल तर तो मेंदूबाहेरचा दाह शमल्यामुळे झाला असला पाहिजे.

अशा पाहण्यांवर किती विसंबायचे याचा धडा युरिक ॲसिडने दिला. रक्तात युरिक ॲसिड जास्त असलेल्यांना कंपवात कमी होतो आणि झालाच तर सावकाश वाढतो, असे अनेक पाहण्यांनी दाखवले होते. तर्क सरळ होता, ते वाढवून पाहावे. इनोसिन देऊन ते वाढवलेही गेले. २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा रक्तातला आकडा वाढलेला होता आणि आजाराच्या गतीत काहीही फरक नव्हता. खूण खरी असूनही ती कारण नव्हती.

रक्तातले मोजमाप

रक्तातल्या दाहखुणांवर छोटे अभ्यास ढीगभर आहेत. त्यांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये झाले. २५ अभ्यास, १५४७ रुग्ण आणि तुलनेसाठी ११०७ निरोगी माणसे यांतून इंटरल्युकिन-६, टीएनएफ, इंटरल्युकिन-१ बीटा, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन अशा अनेक खुणा रुग्णांत सरासरीने वाढलेल्या आढळल्या. त्याहून स्वस्त खूणही तपासली गेली आहे: कोणत्याही गावच्या लॅबमध्ये होणाऱ्या सीबीसीतले न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर रुग्णांत थोडे चढलेले असते. ब्रिटनच्या यूके बायोबँकमध्ये लिम्फोसाइट कमी असणाऱ्यांना पुढे कंपवात होण्याचा धोका अधिक दिसला.

अडचण ‘सरासरीने’ या शब्दात आहे. रुग्णांचा आणि निरोगी माणसांचा आलेख एकमेकांवर इतका चढलेला असतो की समोर बसलेल्या एका माणसाचा आकडा पाहून तो कोणत्या गटातला हे सांगता येत नाही. इंटरल्युकिन-६ रक्ताच्या एका मिलीलिटरमध्ये काही पिकोग्रॅम असते, म्हणजे ग्रॅमच्या लक्षकोटीव्या हिश्शाच्या आगेमागे. ते वयाने वाढते, वजनाने वाढते, सुजलेल्या हिरडीने वाढते, गुडघ्याच्या संधिवाताने वाढते. आणि कंपवाताचा रुग्ण बहुधा साठीच्या पुढचा, तेव्हा यांतले दोन-तीन त्याच्या सोबतीला असतातच. नळीचाही हात असतो. रक्त गोठू देऊन सीरम काढले तर गोठताना बिंबिका स्वतःच काही प्रथिने सोडतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत न गोठू देता प्लाझ्मा काढला तर आकडा वेगळा येतो. नमुना दुपारभर टेबलावर राहिला तर आणखी वेगळा. जुन्या अभ्यासांतल्या परस्परविरोधी निष्कर्षांचा बराचसा दोष आजाराच्या नव्हे, या घरगुती गोष्टींच्या माथी जातो, असे आता मानले जाते.

मेंदूतला दाह थेट पाहण्याचा मार्ग म्हणजे पेट स्कॅन. चेतलेल्या मायक्रोग्लियांत टीएसपीओ हे प्रथिन वाढते आणि किरणोत्सर्गी खूण लावलेले रसायन त्याला जाऊन चिकटते. २००६ मध्ये लंडनच्या गटाने या रीतीने रुग्णांच्या मेंदूत विस्तृत उद्दीपन दाखवले. दोन वर्षांनी पुन्हा पाहिले तर रुग्णांची लक्षणे वाढली होती, उद्दीपन मात्र होते तेवढेच. दाह लवकर चढतो आणि मग त्याच पातळीवर राहतो, असा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ असा की साधनच पुरेसे बारीक नाही. पुढची रसायने अधिक संवेदनशील निघाली, पण टीएसपीओच्या जनुकातल्या एका नैसर्गिक फरकामुळे ती काही माणसांत नीट चिकटतच नाहीत, त्यामुळे आधी जनुक तपासून मग स्कॅन अशी कसरत करावी लागते. रोजच्या निदानासाठी हा मार्ग कुणी सुचवत नाही.

अल्फा-सिन्युक्लिनची वाटचाल

दुसऱ्या प्रवाहाची सुरुवात १९९७ ची. इटालियन आणि ग्रीक कुटुंबांत पिढ्यानपिढ्या उतरलेल्या कंपवातामागे अल्फा-सिन्युक्लिनच्या जनुकातला बदल सापडला, आणि त्याच वर्षी लेवींचे ते गोळे मुख्यतः याच प्रथिनाचे बनलेले असल्याचे उघड झाले. २००३ मध्ये एका कुटुंबात या जनुकाच्या जास्तीच्या प्रती आढळल्या. प्रथिन बिघडलेले नसले, नुसते जास्त झाले तरी आजार होतो, असा त्याचा अर्थ होता.

मग ते मोजण्याचे प्रयत्न सुरू झाले. पाठीतले पाणी काढून त्यातले एकूण अल्फा-सिन्युक्लिन मोजले तर रुग्णांत ते थोडे कमी निघते. गोळ्यांत अडकल्यामुळे कमी, असे स्पष्टीकरण दिले जाते. फरक इतका किरकोळ की निदानाला निरुपयोगी. रक्तात तर वेगळेच संकट. रक्तातले ९९ टक्क्यांहून अधिक अल्फा-सिन्युक्लिन तांबड्या पेशींत असते. सुई टोचताना पाण्यात रक्ताचे थेंब मिसळले किंवा नळीत थोड्या तांबड्या पेशी फुटल्या, की आकड्याला अर्थ उरत नाही.

वळण आले ते किती याऐवजी कसले हा प्रश्न विचारल्यावर. प्रिऑन रोगांच्या अभ्यासातून घेतलेली ही युक्ती बीजवर्धन चाचणी म्हणून ओळखता येईल. दुधाला विरजण लागावे तसे विकृत अल्फा-सिन्युक्लिन निरोगी अल्फा-सिन्युक्लिनला आपल्या घडीत ओढते. चाचणीत ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत प्रयोगशाळेत बनवलेले निरोगी प्रथिन, थायोफ्लेविन हे चमकणारे रंगद्रव्य आणि रुग्णाच्या पाठीतल्या पाण्याचे काही मायक्रोलिटर घालतात. ताटली उबदार यंत्रात ठेवून थांबत-थांबत हलवतात. नमुन्यात विकृत बीज असेल तर बराच वेळ काही घडत नाही, आणि मग त्या खळग्यातला प्रकाशाचा आलेख एकाएकी उभा चढतो. बीज नसेल तर रेघ आडवीच राहते.

२०१६ पासून अशा चाचण्यांचे निकाल येऊ लागले. मायकेल जे. फॉक्स प्रतिष्ठानाच्या, २०१० मध्ये सुरू झालेल्या मोठ्या पाहणीतील ११२३ सहभागींचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपवात असलेल्यांपैकी ८७.७ टक्क्यांत चाचणी होकारार्थी आली आणि निरोगी माणसांपैकी ९६.३ टक्क्यांत नकारार्थी. वास घेण्याची शक्ती गेलेल्या रुग्णांत तिची अचूकता त्याहून जास्त होती. लक्षणे सुरू न झालेल्या, पण धोक्यात असलेल्या काही जणांतही ती होकारार्थी आली. एलआरआरके २ चा जनुकीय बदल असलेल्या रुग्णांत मात्र होकाराचे प्रमाण ६७.५ टक्क्यांवर थबकले. हे अपयश नसून माहिती आहे, कारण या गटातल्या काहींच्या मेंदूत शवविच्छेदनातही लेवींचे गोळे सापडत नाहीत. पाठीत सुई नको असणाऱ्यांसाठी त्वचेचा मार्ग आहे. मान, मांडी आणि पायातून घेतलेल्या लहान तुकड्यांत फॉस्फेट जोडलेले अल्फा-सिन्युक्लिन शोधणारा अमेरिकी अभ्यास २०२४ मध्ये छापून आला, कंपवाताच्या ९२.७ टक्के रुग्णांत ते सापडले आणि निरोगी माणसांपैकी ३.३ टक्क्यांत. जपानच्या गटाने २०२३ मध्ये सीरममधून बीज वेचून वाढवण्याची रीत दाखवली.

या चाचण्या हो किंवा नाही सांगतात. किती हे सांगत नाहीत. आजार दोन वर्षांचा असो की बारा, उत्तर तेच. त्यामुळे औषध लागू पडते आहे का, हे त्यांच्यावरून अजून ठरवता येत नाही.

प्रथिनांचे संच

एका प्रथिनाने काम होत नसेल तर अनेकांचा संच घ्यावा, ही पुढची पायरी. त्यातली काही प्रथिने एकेकटीही उपयोगी आहेत. चेतातंतूंचा सांगाडा मोडला की न्यूरोफिलामेंटची हलकी साखळी रक्तात उतरते. कंपवातात ती फार वाढत नाही, पण कंपवातासारख्या दिसणाऱ्या आणि झपाट्याने बिघडणाऱ्या आजारांत ठळक वाढते. म्हणून दुसऱ्या कामासाठी, वेगळे काढण्यासाठी, ती आज सर्वांत भरवशाची रक्तखूण आहे. स्वीडनमधल्या लुंड येथील संशोधकांनी २०२३ मध्ये डोपा डिकार्बोक्झिलेजकडे लक्ष वेधले. लेव्होडोपाचे डोपामिन करणारे हे प्रथिन पाठीतल्या पाण्यात वाढलेले असते, अगदी लक्षणांपूर्वीही. मात्र लेव्होडोपाच्या गोळ्यांनीही ते वाढते, त्यामुळे उपचार सुरू झालेल्या रुग्णात ही खूण गोंधळात टाकते.

आता एका थेंबातून हजारो प्रथिने मोजता येतात. यूके बायोबँकने सुमारे ५४,००० जणांच्या प्लाझ्मातली जवळपास ३,००० प्रथिने मोजली आहेत. या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे तो लंडन आणि ग्योटिंगेन येथील संशोधकांचा २०२४ मधला छोटा अभ्यास. झोपेत स्वप्न ‘जगणाऱ्या’ माणसांपैकी बहुतेकांना पुढे कंपवात किंवा त्याच्या गोत्रातला आजार होतो. २०१९ च्या बहुकेंद्री अभ्यासात १२ वर्षांत हे प्रमाण सुमारे ७३.५ टक्के होते. अशा ७२ जणांच्या रक्तात आठ प्रथिनांचा संच तपासला, तेव्हा ७९ टक्क्यांची धाटणी कंपवाताच्या रुग्णांसारखी निघाली, आणि काहींत ती लक्षणांच्या सात वर्षे आधीपासून होती. त्या आठांत पूरक यंत्रणेतले सी-३, तिला लगाम घालणारे सी-१ इन्हिबिटर, पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटवणारे आयकॅम-१ अशी नावे आहेत, म्हणजे अर्धीअधिक मंडळी दाहाच्याच घरातली. सायटोकाइन एकेकटे मोजून जे साधले नाही ते दाहाच्या इतर प्रथिनांनी एकत्रित साधण्याची शक्यता यातून दिसते. नमुना लहान आहे, आणि संगणकाने एका गटावर शिकलेली धाटणी दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या यंत्रावरच्या रक्तात टिकते का, ही खरी परीक्षा आहे. या क्षेत्रातले अनेक संच तिथेच गळाले.

औषधांच्या चाचण्या

दाह हे कारण असेल तर तो शमवल्यावर आजार मंदावला पाहिजे. हिशेब अजून जुळलेला नाही. उंदरांत प्रभावी ठरलेले मिनोसायक्लिन २००६ च्या प्राथमिक चाचणीत बाद झाले नाही, पण पुढे नेण्याइतके आशादायकही वाटले नाही. २०१५ मध्ये पायोग्लिटाझोन निष्फळ ठरले. मधुमेहावरचे एक्झेनाटाइड, ज्याला दाह शमवण्याचेही गुण आहेत, २०१७ मध्ये ६२ रुग्णांत चमकले आणि २०२५ मध्ये १९४ रुग्णांच्या ९६ आठवड्यांच्या चाचणीत फिके पडले. त्याच जातीच्या लिक्सिसेनाटाइडने मधल्या काळात, २०२४ मध्ये, १५६ रुग्णांत अल्पसा फायदा दाखवला होता. मळमळही पुष्कळ झाली. दुसऱ्या बाजूला अल्फा-सिन्युक्लिनवर रोखलेल्या प्रतिपिंडांपैकी सिनपानेमॅब आणि प्रासिनेझुमॅब यांच्या २०२२ च्या चाचण्यांत मुख्य उद्दिष्ट गाठले गेले नाही.

दाहवाद्यांचे यावर म्हणणे असे की औषध उशिरा दिले गेले आणि सरसकट दिले गेले. ज्यांच्यात दाह चढलेला आहे अशांनाच निवडून, आणि दाह खरोखर उतरला हे मोजून चाचणी घेतली तर चित्र बदलेल. युक्तिवादात तथ्य आहे. पण तशी निवड करायला जी भरवशाची दाहखूण लागते, तीच अजून हाती नाही.

व्याख्येचा वाद

२०२४ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय गटांनी कंपवाताची जैविक व्याख्या मांडली. एकाने बीजवर्धन चाचणीला केंद्रस्थानी ठेवून आजाराच्या पायऱ्या आखल्या, त्यातल्या पहिल्या पायऱ्यांवर माणसाला कसलेही लक्षण नसते. दुसऱ्याने अल्फा-सिन्युक्लिन, चेतापेशींचा ऱ्हास आणि जनुके अशा तीन आधारांवर वर्गीकरण सुचवले. समर्थकांच्या मते औषधांच्या चाचण्यांसाठी योग्य माणसे निवडायला हे अपरिहार्य आहे. टीकाकार दोन गोष्टी विचारतात. एलआरआरके २ चे जे रुग्ण चाचणीत नकारार्थी येतात त्यांना मग कंपवात नाही असे म्हणायचे का? आणि धडधाकट माणसाला, हाती काही उपाय नसताना, तुझ्या पाठीतल्या पाण्यात बीज आहे असे सांगायचे का? लक्षणे नसलेल्या काही वृद्धांच्या मेंदूतही लेवींचे गोळे सापडतात. त्यातले किती जण आणखी जगते तर आजारी पडले असते, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणूनच दोन्ही गटांनी ही चौकट तूर्त संशोधनापुरती ठेवली आहे. दाहाला या दोन्ही चौकटींत स्वतंत्र स्थान नाही, ही गोष्टही नोंदवण्याजोगी.

कोणाच्या रक्तावरून

वरचे बहुतेक आकडे युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. वंश बदलला की जनुके बदलतात, याचे ठळक उदाहरण २०२३ मध्ये आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत जीबीए १ जनुकात सापडलेला, इतरत्र जवळजवळ न आढळणारा बदल आहे. युरोप आणि उत्तर आफ्रिकेत महत्त्वाचा असलेला एलआरआरके २ चा मुख्य बदल भारतीय रुग्णांत दुर्मीळ आहे. मुंबईच्या पारशी समाजात मात्र १९८८ च्या प्रसिद्ध पाहणीत कंपवाताचे प्रमाण लाखात ३२८ निघाले, त्या काळच्या ज्ञात आकड्यांत ते फार वरचे होते. समाजात वृद्धांचा भरणा मोठा असण्याचा त्यात वाटा होता.

दाहखुणांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. क्षय, हिवताप, आतड्यातले जंत, चुलीचा धूर, हिरड्यांचे दुर्लक्षित आजार यांच्यासोबत आयुष्य काढलेल्या साठीच्या माणसाची सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन किंवा इंटरल्युकिन-६ ची निरोगी पातळी स्टॉकहोममधल्या समवयस्काएवढीच असेल, असे गृहीत धरायला आधार नाही. तुलनेचा गट त्याच गावातला, त्याच वयाचा आणि त्याच आहाराचा लागतो. पाठीतले पाणी काढायला रुग्ण आणि नातेवाईक दोघेही बिचकतात, आणि काढलेला नमुना उणे ८० अंशांना ठेवण्याची सोय मोठ्या शहरांतल्या संस्थांपुरती असते. त्यामुळे त्वचेचा तुकडा आणि रक्त यांवरच्या चाचण्यांकडे इथले लक्ष अधिक असणे स्वाभाविक आहे. त्यातली त्वचेची चाचणी तालुक्याच्या ठिकाणी नमुना घेऊन दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येण्याजोगी आहे. आठ प्रथिनांच्या संचाला मात्र वस्तुमानमापक यंत्र आणि रक्त काढल्यापासून गोठवण्यापर्यंतची एकसारखी शिस्त, दोन्ही लागतात.